आत ताई गेली होती

४ जानेवारी

प्रिय ताई,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. मला काचबिंदू झाला आहे. उजव्या डोळ्याला. डावा ठणठणीत आहे.

मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. दादाचा तिथेच घोळ झाला. "काढून टाक की मग," म्हणाला, "आजकाल दुपारी घरी सोडतात." यात काढून टाकण्यासारखं काही नसतं. डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं, आसवांचं नव्हे, आतलं. बुबुळाच्या कडेला एका कोपऱ्यात बारीक जाळी असते, तिच्यातून ते झिरपून जातं. तिथून निचरा होईना की आतला दाब वाढतो आणि डोळ्याच्या मागची नस हळूहळू मरत जाते. मोरी तुंबल्यावर काय होतं ते तुला सांगायला नको. तुझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत आपण दोघींनी घोटाभर पाण्यात उभं राहून भांडी घासली आहेत. पण मोरी तुंबली की निदान कळतं तरी.

मला कळलं ते योगायोगानं. लॅबमध्ये कुणाच्या तरी दातावरची कॅप घासत बसले होते, समोर डेंटिस्टकडून आलेला प्लास्टरचा साचा. एक कण उडून डाव्या डोळ्यात गेला म्हणून तो डोळा हातानं झाकला. तर साच्यातले पुढचे दात दिसत होते आणि दाढा नव्हत्या. दाढांकडे पाहिलं की दाढा दिसायच्या आणि पुढचे दात गायब. टेबलाच्या उजव्या काठावरचे साचे माझ्या कोपरानं पडतात म्हणून कवळीमास्तर (आमचे सीनियर, त्यांचं खरं नाव कुणी घेतच नाही) मला कधीचे 'भूकंप' म्हणतात. आता बिचारे ओशाळलेत. इतकी वर्षं डावा डोळा इमानानं उजव्याचं काम ओढत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, याच्या दोन मुख्य जाती. एकीत जाळीकडे जायची वाटच बंद होते. मग डोळा लालभडक, कपाळ फुटेल असं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. माणूस धावत दवाखाना गाठतो. दुसरीत वाट उघडी असते, पण जाळीच आतून निकामी होत जाते. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं काही कळत नाही. माझी ही दुसरी. आणि ती बऱ्याचदा रक्तातून येते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं.

आई, दादा, माझी लेक, तिघंही तपासून आली. तिघांचेही डोळे चांगले. आता तू राहिलीस. सख्ख्या भावंडांना धोका फार असतो म्हणे. याच आठवड्यात जा. नेहमीसारखं बॅडमिंटन हॉलचं निमित्त सांगू नकोस. एक दिवस तुझ्यावाचूनही शटल उडतील.

तुझी
टिल्ली

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अजून गेली नाहीस. दादानं विचारलं तर "बघते", मी विचारलं तर "पुढच्या आठवड्यात". तुझा पुढचा आठवडा मी लहानपणापासून ओळखून आहे.

लेसर करून झालं. दाब जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणतात कधी कधी असं होतं, थेंब वाढवू. थेंब वाढवलेत. उजवा डोळा सकाळभर चुरचुरतो आणि कवळीमास्तर मला दातांचा रंग जुळवायचं काम देत नाहीत. दयेनं देत नाहीत, त्याचाच जास्त राग येतो.

माझं जाऊ दे. आईचं बघ. मोठ्या मावशीचा डोळा गेला होता ना, तेच माझ्यात उतरलं असं आईनं ठरवूनच टाकलंय. "माझ्या माहेरचं दुखणं तुझ्या पदरात टाकलं," म्हणते. जेवता जेवता म्हणते, कपडे वाळत घालताना म्हणते. परवा थेंब टाकायला मी मान मागे केली तर बाटली माझ्या हातून ओढून घेतली, "मी टाकते" म्हणून. हात इतका थरथरला की सगळे थेंब कानात. दोघी हसलो. मग ती आत गेली आणि नळ सोडून रडली. नळ सोडला की ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

तू येऊन गेलीस त्याचा थोडा उपयोग झाला. तू तिच्या शेजारी बसून तिची समजूत काढत होतीस ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला ते कधीच जमत नाही, मी चिडते. तू थोरली आहेस हे अशा वेळी कळतं.

पण आता स्वतःचंही बघ. डबल्स खेळणाऱ्या एकाही मुलीला तू गॉगल घातल्याशिवाय कोर्टावर पाय ठेवू देत नाहीस. पालक कुरकुरतात, मुली नाकं मुरडतात, तरी ऐकत नाहीस. मी तर लोकांना कौतुकानं सांगते, आमच्या ताईसारखी कोच नाही म्हणून. आणि तुझ्या डोळ्यांची ही तऱ्हा! "मला काही होत नाही" हे इतकं ठासून कसं सांगतेस गं? दोघी एकाच आईच्या ना?

टिल्ली

१९ मार्च

ताई,

तू तपासायला का गेली नाहीस ते मला आज कळलं.

दाब उतरेना म्हणून दादा मला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बाई आहेत, कमी बोलतात. बधीर करणारे थेंब टाकून त्यांनी डोळ्यावर एक आरशांचं भिंग ठेवलं. आधी उजव्यावर, मग डाव्यावर, मग पुन्हा उजव्यावर. पहिल्या डॉक्टरांनी ते ठेवलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, डाव्या डोळ्यातला कोपरा नीट आहे, उजव्यातला फाटून मागे सरकलाय, अर्ध्याहून जास्त. "या डोळ्याला कधी जोराचा मार लागला होता का?"

मी म्हटलं, सोळाव्या वर्षी. शटल. आत रक्त उतरलं होतं.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, हा तुमच्या घराण्यातून आलेला नाही. जन्मतः असतो तसाही नाही, फार दिवस स्टेरॉइडचे थेंब टाकल्यानं होतो तसाही नाही. साखरेच्या आजारात डोळ्यात नको त्या नव्या शिरा उगवून होतो तो नाही, आणि दाब नीट असून नस मरते तोही नाही. हा त्या माराचा. त्या दिवशी जाळीच्या मागचा भाग फाटला, वर वर भरून आला, आणि जाळी हळूहळू कामातून गेली. याला कधी कधी वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात. अशा डोळ्यावर लेसरचा बहुतेक उपयोग होत नाही.

मग त्यांनी विचारलं, "रक्त उतरलं होतं तर तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल. दर वर्षी दाब तपासायचा, जन्मभर. तपासलात ना?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यांच्याशी बोललं कोण? बरोबर कोण होतं?"

मी म्हटलं, "बहीण." आणि म्हणता म्हणताच सगळं जुळलं. सगळं घर तपासून आलं. दादा आला, जो ताप आला तरी डॉक्टरचं तोंड बघत नाही. माझी लेक परीक्षा असून आली. फक्त तू आली नाहीस, जी परक्यांच्या मुलींना गॉगल घालते. हे रक्तातलं नाही हे तुला माहीत होतं. तपासायची तुला गरजच नव्हती.

तिथल्या जिन्यातूनच फोन लावला. मी विचारलं, "त्या डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं?" कोणते डॉक्टर, कधीचे, असं तू विचारलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "ट्रायल्स होत्या गं टिल्ली." मी फोन ठेवला. वरून कुणी उतरत होतं, त्यांना वाट द्यायचंही मला सुचलं नाही.

नीट ऐक, कारण आता तू मध्ये बोलू शकत नाहीस. शटल मला लागलं याचा राग नाही. डबल्समध्ये पुढच्या खेळाडूनं मागे वळून पाहायचं नसतं, मी वळले, तुझा स्मॅश माझ्या डोळ्यात बसला. खेळात होतं असं. तुझा हात तेव्हा किती तरी दिवस रॅकेटला लागत नव्हता तेही मला आठवतं. मला राग आहे त्या नंतरच्या पाव तासाचा. मी आतल्या खाटेवर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते. डॉक्टर तुला पलीकडच्या खोलीत घेऊन गेले. तू परत आलीस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, "काही नाही, आठवडाभर पडून राहायचं आणि थेंब टाकायचे." मला अजून आठवतं, तुझा आवाज ऐकून माझ्या पोटातली भीती पळाली. तुझ्यावर इतका विश्वास होता की मी पुढे एक प्रश्नही विचारला नाही.

आज फोन ठेवल्यावर दादानं तुला परत लावला आणि सगळं काढून घेतलं. महिनाभर रॅकेट धरायची नाही असं ते म्हणाले होते, तू आठवडा केलास. जन्मभर तपासायचं असं म्हणाले होते, ते तू गिळून टाकलंस. कारण आठवड्यानंतर निवडीच्या ट्रायल्स होत्या आणि जोडीदार नसेल तर तुला नाव मागे घ्यावं लागलं असतं.

आणि आपण दुसऱ्या फेरीत हरलो, ताई! त्या दोघी लंबूंकडून, सरळ गेममध्ये! एवढ्यासाठी तू माझा डोळा विकलास, आणि तोही असा मातीमोल.

२ एप्रिल

ताई,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पुन्हा पुन्हा वाचला. "आधी ट्रायल्स होत्या म्हणून बोलले नाही. नंतर, आजवर का बोलली नाहीस असं तू विचारशील म्हणून बोलले नाही. मग तुझं सगळं छान चाललं होतं, वाटलं काही होणार नाही." हे खरं आहे असं मला वाटलं. तू कधी खोटं इतकं गबाळं सांगत नाहीस. खरं आहे म्हणूनच जास्त लागलं.

पुढे लिहितेस, "मी दर वर्षी तुला डोळे तपासायला सांगत होते की नाही?" सांगत होतीस. दर वाढदिवसाला फोन: "चष्म्याचा नंबर काढून घे, फ्रेम माझ्याकडून." माझ्या कपाटात तुझ्या फ्रेमांची दुकानमांडणी आहे. चष्म्याच्या दुकानातला पोऱ्या मला अक्षरं वाचायला लावायचा, मी सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचायचे, आणि खूश होऊन तुला कळवायचे: नंबर तोच! तुला किती बरं वाटत असेल ते ऐकून. दाब अक्षरांवरून कळत नाही, हे तुला माहीत होतं की नव्हतं? माहीत असेल तर तू माझी थट्टा मांडली होतीस. नसेल तर निदान एकदा कुणाला विचारायचं होतंस. ज्यांना कारण सांगावं लागणार नाही अशा कुणालाही.

गॉगल आठवले की तर माझं तोंडच कडू होतं. मी लोकांना सांगत फिरले! परक्यांच्या लेकींना तू गॉगल दिलेस आणि मला फ्रेमा.

तरीही. तू तेव्हा जेमतेम विशीतली होतीस. ती चूक मी कधी तरी गिळली असती, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण या जानेवारीचं काय? माझं पत्र तुझ्या हातात पडलं तेव्हा तू विशीतली नव्हतीस. एक फोन करून "त्या माराचं डॉक्टरांना सांग" एवढं म्हणायचं होतं. त्या बिनकामाच्या लेसरखाली मी बसले नसते. नस आणखी मेली नसती. पहिले डॉक्टर चुकले, मान्य, भिंग ठेवलं नाही. पण त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

आणि आई. तू तिच्या शेजारी बसलीस, तिचा हात हातात घेतलास, ती "माझ्यामुळे झालं" म्हणत ढसाढसा रडत होती आणि तू तिचे डोळे पुसलेस. तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात कृतज्ञतेनं भांडी विसळत होते. ताई, माझा डोळा एक वेळ बाजूला ठेव. त्या दुपारची मला किळस येते.

मावशीचं काय झालं होतं तेही मी बाईंना विचारून आले. तिचा डोळा एका दिवसात लाल झाला होता, ती ओकत होती, डोकं धरून किंचाळत होती. ती वाट बंद होणारी जात. माझ्या डोळ्यातली वाट सताड उघडी आहे, माझ्या दुखण्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ती विचारणार, मग कशानं? आणि त्याचं उत्तर माझ्याकडचं नाही, तुझ्याकडचं आहे.

एकवीस तारखेला ऑपरेशन आहे. "येऊ का" विचारतेस. ये. पण माझ्या उशाशी बसायला नको. आईला सांगायला ये. शटलचं, आणि त्या खोलीत डॉक्टर जे बोलले त्याचं, आणि जानेवारीचं. सगळं, तुझ्या तोंडानं. मला तुझी माफी नको, ती घेऊन मी काय करू? आई मरेपर्यंत स्वतःच्या रक्ताला दोष देत बसायला नको, मला एवढंच हवं आहे. हे केलंस तर पुढचं पुढे बघू.

२६ एप्रिल

ताई,

ऑपरेशन नीट झालं. बाईंनी पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून दिली आहे. दाब उतरला. गेलेलं दिसणं गेलं, उरलेलं राखायचं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि शेवटीही तेच सांगितलं. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही. कवळीमास्तर येऊन गेले. म्हणाले, "भूकंप, टेबलाची उजवी बाजू तुझ्यासाठी भिंतीला लावून घेतली." मी आडवी असल्यामुळे माझं रडणं कानात गेलं.

तू आलीस, हेही लिहायला हवं. तुला वाटलं मी गुंगीत आहे. पट्टी डोळ्यावर होती, कानावर नव्हती.

तू आईला म्हणालीस, "आई, हे तुझ्या माहेरचं नाहीच मुळी. मावशीचं वेगळं होतं. हे त्या जुन्या शटलचं. ही वळली होती ना, तेव्हाचं."

आई म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून नाही आलेलं?"

"नाही गं."

"नक्की?"

"डॉक्टरच म्हणाल्या."

आणि तू थांबलीस. मी वाट पाहत होते. आता म्हणेल, आता म्हणेल. तू पिशवीतून सफरचंद काढलंस आणि कापायला घेतलंस.

आई हसली, ताई. कित्येक महिन्यांनी हसली. माझ्या पायावर चापट मारून म्हणाली, "या कार्टीला हजारदा सांगितलं होतं, मागे वळून बघू नकोस म्हणून!" तू म्हणालीस, "जाऊ दे आता." उलट तू मलाच माफ केलंस.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आई सफरचंद खात होती, दादाला फोन करून सांगत होती, "अरे, माझ्याकडून नाही म्हणे!" त्या हसण्याच्या मध्ये यायचा मला धीर झाला नाही. तुला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तू माझ्यासमोर, माझ्या खाटेला टेकून, तसंच केलंस. जे त्या डॉक्टरच्या खोलीतून बाहेर येऊन केलंस, अगदी तसंच. अर्धं सांगितलंस, आणि अर्धं असं सांगितलंस की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. जाताना माझ्या कपाळावरून हात फिरवलास. मी झोपेचं सोंग घेतलं, नाही तर तो हात झटकला असता.

परवा सकाळी मी आईला सगळं सांगितलं. तू सांगायचं होतंस ते मी सांगितलं. डॉक्टर काय बोलले होते, तू काय लपवलंस, कशासाठी लपवलंस, आणि जानेवारीत सगळं माहीत असून तिच्या शेजारी कशी बसलीस. खोटं कशाला लिहू, मला हवं होतं की तिनं तुझ्यावर चिडावं. तुला फोन लावून तोंडाला येईल ते बोलावं. इतके दिवस मी एकटी चिडून दमले होते, मला सोबत हवी होती.

ती चिडली नाही. चादरीची घडी घालत होती, ती तिनं मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "डॉक्टर मलाच बोलावत होते."

मला कळेना. मी म्हटलं, "कधी?"

"तेव्हाच. मी बाहेर बाकावर होते ना. ते दारात आले, म्हणाले, आई कोण, आत या. मला रक्त बघवत नाही. मी उठलेच नाही. ताईला म्हटलं, तू जा. पोर होती ती. मीच ढकललं तिला आत. मी गेले असते तर मी ऐकलं असतं. मी काय तुला ट्रायल्सला पाठवलं असतं?"

ती तिथे होती हे मला कधी आठवलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती.

आता ती बाकाचं बोलते. जेवता जेवता बोलते, कपडे वाळत घालताना बोलते. रक्तातून काढून घेतलेला दोष तिनं बाकावर नेऊन ठेवला आहे, आणि तिथून तो काढायचा कसा ते मला माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं. डोळ्याला धक्का लागू नये म्हणून एका बाजूनं, वेडंवाकडं घेतलं. म्हटलं, "आई, यात तुझा काही दोष नाही."

तिनं माझा हात सोडवला, माझ्या पट्टीची कड नीट केली आणि म्हणाली, "ताईसुद्धा मला हेच सांगत होती."